नावेतून वाचलेली मराठी काशी

मराठी माणसाच्या मनात काशीविषयी एक जुनी आपलेपणाची भावना आहे. पेशव्यांचा पत्रव्यवहार, यात्रावृत्तांत, अहल्याबाई होळकरांची चरित्रे अशा अनेक वाटांनी ती भावना मराठी वाङ्मयात आलेली आहे. या लेखनात काशी बहुधा गल्लीतून, देवळातून किंवा पंडितांच्या वाड्यातून दिसते. वास्तविक या नगराचा दर्शनी भाग नदीकडे आहे. रेल्वे आणि पूल येण्यापूर्वी प्रयागाहून येणारे कितीतरी यात्रेकरू नावेने येत आणि घाटावरच उतरत. ज्यांनी येथे दगड बसवले त्यांच्या डोळ्यांसमोर नदीवरून पाहणारा माणूस होता, असे मानायला जागा आहे.

गेल्या कार्तिकात आम्ही काही अध्यापक मित्र काशीला गेलो असताना हा विचार मनात घेऊनच एका पहाटे अस्सी घाटावर नावेत बसलो. पंचगंगा घाटापर्यंत जायचे आणि परत यायचे, एवढाच बेत होता. यंत्राची नाव मुद्दामच टाळली. ही नाव लाकडी होती. रुंद, सपाट बुडाची, फळ्यांच्या सांध्यांवर डांबर चोपडलेली. दोन लांब वल्ही आणि ती मारणारा निषाद समाजातला एक प्रौढ नावाडी. नुकत्याच ओसरलेल्या पुराचा गाळ पायऱ्यांवरून धुऊन काढण्याचे काम अजून चालले होते. डावीकडे घाटांची अखंड ओळ, उजवीकडे वाळूचा रिकामा तीर, आणि त्या रिकाम्या तीरावरून उगवणारा सूर्य. येथे गंगा उत्तरवाहिनी असल्याने घाटांचे तोंड पूर्वेला आहे. सकाळच्या उन्हात प्रत्येक घाटाचे नाव स्पष्ट दिसू लागते.

ही नावे वाचत जाणे हा इतिहासाचा एक पाठच आहे. अस्सी सोडून थोडे पुढे गेले की भदैनी लागते. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे जन्मस्थान म्हणून याच भागाचा निर्देश होतो. त्यांचे वडील मोरोपंत तांबे हे दुसऱ्या बाजीरावाचे बंधू चिमाजी आप्पा यांच्या आश्रयाला काशीत होते, आणि मुलीचे माहेरचे नाव होते मणिकर्णिका. पुढे चेतसिंहाचा किल्ला येतो. १७८१ च्या ऑगस्टमध्ये वॉरन हेस्टिंग्जने काशीनरेश चेतसिंहाला येथे नजरकैदेत ठेवले असताना तो नदीकडच्या बाजूने उतरला आणि नावेतून निसटला. शेवटी त्याला आसरा मिळाला तो ग्वाल्हेरास, महादजी शिंद्यांकडे. या प्रसंगातला राजा आम्हांस ठाऊक आहे, गव्हर्नर जनरल ठाऊक आहे. त्या दिवशी नाव कोणी वल्हवली, हे आमच्या वाचनात कोठेही आलेले नाही.

दशाश्वमेधाच्या आसपास मराठी नावांची खरी दाटी सुरू होते. अहल्याबाई घाट, दशाश्वमेध, पुढे मणिकर्णिका, बाजीराव घाट, शिंदे घाट, नागपूरकर भोसल्यांचा घाट, अमृतराव पेशव्यांच्या विनायकाचे देऊळ असलेला गणेश घाट, आणि त्यापलीकडे दुर्गा घाट व ब्रह्मा घाट. या शेवटच्या दोन घाटांच्या वर मराठी कुटुंबांची जुनी वस्ती असून नाना फडणिसांचा वाडाही तेथेच आहे. एवढ्या थोड्या अंतरात एवढी मराठी नावे महाराष्ट्राबाहेर अन्य कोणत्या नदीकाठी असतील, असे वाटत नाही.

या दाटीचे कारण पाहू गेल्यास एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. काशी मराठ्यांच्या राज्यात कधीही नव्हती. अठराव्या शतकात ती अयोध्येच्या नवाबाच्या अंमलाखाली होती आणि १७७५ पासून कंपनीच्या सत्तेखाली गेली. काशी आणि प्रयाग आपल्या ताब्यात यावीत ही पेशव्यांची इच्छा त्यांच्या पत्रांतून वारंवार डोकावते. ती फळाला आली नाही. बाजीरावाच्या मातोश्री राधाबाई १७३५ मध्ये उत्तरेच्या यात्रेला निघाल्या, त्याच सुमारास सदाशिव नाईक जोशी पेशव्यांच्या वतीने काशीत घाटांच्या बांधकामात गुंतलेले होते. अहल्याबाईंनी विश्वेश्वराचे देऊळ नव्याने उभे केले ते १७८० च्या सुमारास, म्हणजे परक्याच्या मुलखात. जेथे राज्य करता आले नाही तेथे मराठ्यांनी दगड बसवले. परमुलखातल्या नगरात आपले अस्तित्व नोंदवण्याचा तो मार्ग होता. त्यात भक्ती होती, प्रतिष्ठा होती, आणि हुकलेल्या सत्तेची भरपाईही होती.

अर्थात धनिकांच्या आधी येथे विद्वान आले. सोळाव्या शतकात पैठणच्या रामेश्वर भट्टांचे घराणे काशीस स्थायिक झाले. त्यांचे पुत्र नारायण भट्ट हे 'त्रिस्थलीसेतु'चे कर्ते. विश्वेश्वराच्या मंदिराच्या त्या शतकातल्या पुनर्बांधणीशी त्यांचे नाव जोडलेले आहे. शिवराज्याभिषेकाचे गागाभट्ट याच घराण्यातले. एकनाथांनी आपली एकादश स्कंधावरील टीका काशीतच पूर्ण केली, शके १४९५ च्या, म्हणजे इ. स. १५७३ च्या कार्तिकी पौर्णिमेला. प्राकृतात भागवत लिहिले म्हणून काशीच्या पंडितांनी आधी आक्षेप घेतला आणि मग ग्रंथाचा गौरव केला, ही आख्यायिका मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ऐकलेली असते. पण विद्वान असोत की धनिक, आमच्या इतिहासातली काशी ही नाव असलेल्यांचीच काशी आहे. ज्याचा ग्रंथ, त्याचे नाव. ज्याचा घाट, त्याचे नाव.

मणिकर्णिकेचा धूर मागे टाकून आमची नाव शिंदे घाटाशी आली, आणि येथे नावाड्याने वल्ही थांबवली. समोर रत्नेश्वर महादेवाचे देऊळ होते, एका अंगाला स्पष्ट कललेले आणि खालच्या भागात गाळाने भरलेले. शेजारचा घाट बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास बांधायला घेतला होता. बायजाबाई म्हणजे कागलच्या सर्जेराव घाटग्यांची कन्या, दौलतराव शिंद्यांची पत्नी आणि त्यांच्या पश्चात ग्वाल्हेरचा कारभार पाहणारी कर्तृत्ववान स्त्री. ज्ञानवापीच्या विहिरीवरचा खांबांचा मंडप त्यांनीच बांधवला. त्यांचा हा घाट मात्र स्वतःच्या भारानेच खचला आणि त्याचा मोठा भाग नदीत उतरला. विसाव्या शतकात, १९३७ मध्ये, शिंदे घराण्याने तो पुन्हा बांधला.

आम्ही हे आपसांत बोलत होतो. नावाड्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, ''बाबूजी, असली बात कुछ और है।'' मग त्याने काशीत सर्वत्र प्रचलित असलेली कथा सांगितली. राजा मानसिंहाच्या एका सेवकाने आपल्या आईच्या नावाने हे देऊळ बांधले. काम पुरे झाल्यावर तो आईला घेऊन आला आणि म्हणाला, आई, तुझे ऋण मी फेडले. आईने देवळाकडे पाहिले आणि ते कलले. आईचे ऋण फिटत नसते. म्हणून या देवळाला 'मातृऋण' असेही म्हणतात.

इतिहासाच्या अभ्यासकाला ही कथा क्षणात बाजूला सारता येईल. मानसिंह सोळाव्या शतकातला. पायाखालची जमीन खचली की बांधकाम कलते, त्याला शाप लागत नाही. आमच्यापैकी एकाने तसे सांगण्यासाठी तोंड उघडलेही होते, पण तो थांबला. आम्ही वर्गात कथा शिकवतो. निदान आम्ही तरी ही कथा आधी नीट वाचायला हवी, असे आम्हांस वाटले. तिचा विषय दान हा आहे. दगडात पैसा घालून मनुष्य ऋणमुक्त होऊ शकतो, या समजुतीला ती सरळ नकार देते. आणि ती सांगितली जाते कोठे, तर चौऱ्याऐंशी घाटांच्या मधोमध, जेथील जवळजवळ प्रत्येक पायरी कोणा ना कोणा दात्याच्या पुण्यासाठी बांधलेली आहे. सांगणारा कोण, तर ज्याच्या घराण्याचे नाव यांपैकी कोणत्याही शिलालेखावर नाही असा नावाडी. दातृत्वाच्या इतिहासावर लोकांनी केलेले हे भाष्य आहे. ते शिलालेखाइतके टिकाऊ ठरले आहे आणि त्यासाठी एकही दगड लागलेला नाही.

येथे आम्हांस विष्णुभट गोडसे आठवले. १८५७ साली पेणजवळच्या वरसईहून हा गरीब भिक्षुक उत्तरेकडे निघाला, त्याचे एक कारण घरचे कर्ज होते. मथुरेला यज्ञ होणार आहे आणि तेथे मोठी दक्षिणा मिळेल, अशी वार्ता होती. आणि तो यज्ञ करवणार होत्या याच बायजाबाई शिंदे. गोडसे बंडाच्या वावटळीत सापडले, झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला, लुटले गेले. शेवटी काशीयात्रा करून ते घरी परतले तेव्हा धन हाती नव्हते. आईवडिलांसाठी गंगेची कावड मात्र त्यांनी खांद्यावरून आणली होती. हा वृत्तांत चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये 'माझा प्रवास' म्हणून प्रसिद्ध केला तो आपले हात फिरवून. मूळ बखर वाचकांना मिळाली ती दत्तो वामन पोतदारांच्या १९६६ च्या आवृत्तीत. एकीकडे बायजाबाईंचा नदीत खचलेला घाट आणि दुसरीकडे गोडसेभटजींची कावड. ऋण फेडण्याचे हे दोन प्रयत्न शेजारी ठेवले की नावाड्याच्या कथेचा अर्थ अधिक उकलतो. गोडसे कोठेही ऋण फेडल्याचा दावा करत नाहीत. ते नुसते पाणी वाहून आणतात.

पंचगंगेला पोहोचलो तेव्हा ऊन चढले होते. कार्तिकातले आकाशदिवे बांबूंवर टांगलेले होते. अहल्याबाईंनी बांधल्याचे सांगितले जाणारे दगडी दीपमाळेचे वृक्ष अंधाराची वाट पाहत होते. वर औरंगजेबाच्या काळातली मशीद आहे. बिंदुमाधवाचे जुने मंदिर येथेच होते. त्या मशिदीच्या उंच मिनारांना काशीकर 'बेनीमाधव का धरहरा' म्हणत आले. देऊळ गेले, पुढे मिनारही गेले, पण बोलण्यातले नाव राहिले. लोकांच्या तोंडी असलेली स्मृती दगडापेक्षा कमी भरवशाची असते, हे आमचे गृहीतक येथे दुसऱ्यांदा डळमळले.

परतीचा प्रवास प्रवाहाविरुद्ध होता. जाताना सहज फिरणारी वल्ही आता प्रत्येक वेळी छातीपर्यंत ओढावी लागत होती. बोलणे थांबले. नदीवरच्या या श्रमाचा इतिहास वेगळ्या कागदांत शोधावा लागतो. १८७८ च्या 'नॉर्दर्न इंडिया फेरीज अ‍ॅक्ट'ने सरकारला नदीपार करण्याचे तर सार्वजनिक म्हणून जाहीर करण्याचा, त्यांवरचे दर ठरवण्याचा आणि त्यांचा ठेका देण्याचा अधिकार दिला. पिढीजात वहिवाट म्हणून जे चालत होते, ते परवान्याच्या आणि ठेक्याच्या कक्षेत आले. १८८७ मध्ये राजघाटाचा पूल झाला आणि पैलतीराची वाहतूक आगगाडीने घेतली. नावाडी यात्रेकरूंवर आणि पुढे प्रवाशांवर अधिकाधिक अवलंबून राहिला. काशीच्या नावाड्यांवर असा डोरॉन या मानववंशशास्त्रज्ञाचा स्वतंत्र ग्रंथ २००८ मध्ये निघाला. घाटांवर मराठीत इतके लिहिले गेले, पण आमच्या भाषेत या विषयावर तसा ग्रंथ आमच्या पाहण्यात नाही.

हा प्रश्न केवळ भूतकाळाचा नाही. लाकडी नावांना डिझेलची यंत्रे लागली, मग ती सीएनजीवर आणण्याची मोहीम झाली. २०२१ च्या डिसेंबरात विश्वनाथ धामाचे उद्घाटन होऊन गंगेवरून थेट मंदिराकडे जाणारा रस्ता मोकळा झाला. त्या परिसरात अहल्याबाईंचा पुतळाही आहे. २०२३ च्या जानेवारीत येथूनच दिब्रूगढपर्यंत जाणारे मोठे प्रवासी जहाज निघाले. नदी पुन्हा नगराचे प्रवेशद्वार होऊ पाहते आहे. त्या दारात नावाडी आपल्या नावेचा मालक म्हणून उभा असेल की दुसऱ्याच्या जहाजावरचा पगारी नोकर म्हणून, हे अजून ठरायचे आहे.

अस्सीच्या अलीकडे निषादराज घाट लागतो. तेथे आम्ही नावाड्याला विचारले, तुमच्या घराण्याचा घाट कोणता? त्याने मान हलवून पायरीत बसवलेली एक लोखंडी कडी दाखवली. वडील तेथे नाव बांधत, आजोबाही तेथेच बांधत. त्या कडीवर नाव नव्हते, साल नव्हते. आम्ही पैसे दिले आणि उतरलो.

यंदा 'माझा प्रवास' शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना एक काम द्यायचे ठरवले आहे. मराठीतला कोणताही एक काशीयात्रेचा वृत्तांत घ्यावा आणि त्यात नाव, नदी ओलांडणे, उतराई हे शब्द जेथे जेथे येतात त्या जागा उतरवून काढाव्यात. प्रत्येक जागी नावेत आणखी एक माणूस होता. त्याच्याविषयी लेखकाने काय लिहिले आणि काय लिहायचे राहिले, हे त्यांनी शोधावे.