आकाशाला सांधा नको

खेळण्यातली आगगाडी फरशीवर धावायची तोवर तिला आकाशाची गरज नव्हती. खुर्चीचे पाय आणि पलंगाखालचा अंधार तिला पुरायचा. जर्मनीच्या मेर्क्लिन कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापांचे रूळ आणले, तेव्हाही गाडी जमिनीवरच होती. पुढे ती टेबलावर चढली, मूळ गाडीच्या प्रमाणात बांधली जाऊ लागली, आणि बघणाऱ्याचे डोळे डब्यांच्या खिडक्यांच्या पातळीला आले. तिथे पंचाईत झाली. डब्यामागे दिसू लागली ती खोलीची भिंत, विजेचं बटण आणि कॅलेंडर.

पंचाईत केवढी, ते हिशेबाने कळतं. एचओ हे आजचं सर्वांत प्रचलित माप, म्हणजे खऱ्या वस्तूचा सत्त्याऐंशीवा हिस्सा. या मापात एक किलोमीटर म्हणजे साडेअकरा मीटर. भिंतीला लागून ६० सेंटीमीटर रुंद फळी टाकली, तर तिच्यावर खऱ्या जगातलं जेमतेम ५२ मीटर मावतं. रूळ, फलाट, एखादं गोदाम आणि चार झाडं मांडली की संपलं. पलीकडची शेतं, डोंगर, क्षितिज हे सगळं भिंतीलगतच्या पडद्यावर रंगवूनच आणावं लागतं. हा मागचा पडदा कशाचा करायचा, यावर मॉडेल रेल्वेची हौशी मंडळी आजही तावातावाने भांडतात. वरवर पाहता भांडण कापड, हार्डबोर्ड की प्लास्टिक असं असतं. माझ्या मते ते दोनच गोष्टींचं आहे: खोलीचा कोपरा आणि दोन तुकड्यांमधला सांधा. रंग बिघडला तर पुन्हा देता येतो. आकाशात उभी भेग दिसली, की मग नजर तिथून हलत नाही.

कोपऱ्याचा प्रश्न फार पूर्वी एकाने सोडवला होता, तोही कोपराच काढून टाकून. आयर्लंडमध्ये जन्मलेला रॉबर्ट बार्कर हा चित्रकार एडिंबरोत राहायचा. १७८७ मध्ये त्याने गोल चित्राचं पेटंट घेतलं. इमारत गोलाकार, आतल्या भिंतीवर सगळीकडे एकच सलग चित्र आणि मध्ये चौथऱ्यावर प्रेक्षक. यासाठी १७९३ मध्ये लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये खास इमारतही उभी राहिली. पेटंटच्या मजकुरात रंगवण्यापेक्षा लपवण्याचाच विचार अधिक आहे. चित्राची वरची कड प्रेक्षकांच्या डोक्यावरच्या आच्छादनाने झाकायची, खालची कड चौथऱ्याच्या आड ठेवायची. उजेड वरून यावा, पण कुठून येतो ते दिसू नये. लोकांनी खालून वर यावं, म्हणजे चित्राला दार पाडावं लागत नाही.

हे नियम आजच्या मॉडेल रेल्वेच्या खोलीत जसेच्या तसे भेटतात. दिवे पुढच्या झालरीआड असतात आणि पडद्याची खालची कड झुडपांच्या किंवा टेकड्यांच्या मागे. साठी ओलांडलेले गृहस्थ फळीखालून रांगत मधल्या मोकळ्या जागेत शिरतात, ते रूळ आणि आकाश दोन्ही अखंड राहावीत म्हणून. गुडघे कुरकुरतात ती गोष्ट वेगळी.

बार्करनंतर १८२२ मध्ये पॅरिसात लुई दागेर आणि शार्ल बूताँ यांनी डायोरामा उघडला. पातळ कापड दोन्ही बाजूंनी रंगवायचं आणि पुढून-मागून उजेड खेळवून दिवसाची रात्र करायची, असा तो खेळ. १८३९ मध्ये ती इमारत जळाली, आणि त्याच वर्षी दागेरचं नाव छायाचित्रणामुळे जगभर झालं.

यानंतर ही कथा अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात शिरते आणि पुन्हापुन्हा तिथेच घुटमळते. १८८० च्या दशकात गोल चित्रं रंगवणारे जर्मन चित्रकार या शहरात जमले होते. अमेरिकी यादवी युद्धातल्या अटलांटाच्या लढाईचं सुमारे १५ मीटर उंच आणि शंभर मीटरहून लांब चित्र त्यांनी इथेच केलं, १८८६ मध्ये. त्याच वर्षी कार्ल एकली हा तरुण मिलवॉकीच्या सार्वजनिक संग्रहालयात प्राण्यांची कातडी भरून त्यांना उभं करण्याच्या कामावर लागला. १८९० मध्ये त्याने मस्करॅट या पाणथळीतल्या उंदरासारख्या प्राण्याचा देखावा केला: पुढे खरी वाटणारी दलदल, मागे रंगवलेली दलदल. संग्रहालयांतल्या अशा देखाव्यांचा तो आद्य नमुना मानला जातो. पुढे १९३२ मध्ये विल्यम वॉल्थर्सने मॉडेल रेल्वेच्या सामानाचा धंदा थाटला तो मिलवॉकीत, आणि जानेवारी १९३४ मध्ये अल् काल्मबाखने ‘मॉडेल रेलरोडर’ हे मासिक काढलं तेही मिलवॉकीतूनच. गोल चित्रवाल्यांपासून मासिकापर्यंत गुरुशिष्यांची परंपरा लावण्याचा मोह होतो. मी तो आवरतो. पण एकाच गावाच्या वाट्याला इतकं यावं, याची गंमत वाटतेच.

अटलांटाच्या चित्राचं पुढचं आयुष्य आपल्या विषयाला फार जवळचं आहे. १९३० च्या दशकात, मंदीतल्या सरकारी रोजगार योजनेतून, कलाकारांनी, एव्हाना अटलांटात पोहोचलेल्या, त्या चित्रापुढे प्लास्टरचे सैनिक, लाल माती आणि रूळ मांडले. म्हणजे चित्र संपतं कुठे आणि वस्तू सुरू होते कुठे, तो सांधा लपवण्याचं काम. ‘गॉन विथ द विंड’ या सिनेमाच्या उद्घाटनाला त्यातला नट क्लार्क गेबल अटलांटात आला, तेव्हा या देखाव्यात आपलीच तेवढी उणीव आहे असं तो म्हणाल्याचं सांगतात. एका पडलेल्या प्लास्टरच्या सैनिकाला मग त्याचा चेहरा मिळाला.

या सांध्याचं शास्त्र झालं ते न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात. जेम्स पेरी विल्सन हा शिक्षणाने वास्तुरचनाकार, १९३४ मध्ये तिथे पार्श्वभूमी रंगवायला आला. देखाव्यांच्या मागची भिंत जाळीवर प्लास्टर चढवून अर्धगोल केलेली असे, वरून घुमटासारखी वळवलेली. सपाट फोटोवरून अशा वक्र भिंतीवर चित्र उतरवलं की सरळ रेषा वाकड्या होतात. विल्सनने फोटोवर एक चौकटजाळी आणि भिंतीवर तिच्याशी जुळणारी वक्र जाळी आखण्याची पद्धत बसवली. आकाशही तो क्षितिजाकडे फिकट होत जाणाऱ्या पट्ट्यांनी रंगवायचा. या घराण्याचे देखावे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या निसर्ग विभागातही आहेत. कधी गेलात तर प्राण्याकडे पाहून झाल्यावर मुद्दाम मागचा कोपरा शोधा.

पण संग्रहालयाकडे गवंडी असतात. अमेरिकी हौशी माणसाकडे घराचं तळघर, शनिवार-रविवार आणि बायकोची मर्यादित सहनशक्ती एवढंच भांडवल. त्याला लाकडाच्या वखारीत मिळेल आणि एकट्याला उचलता येईल अशी वस्तू हवी होती. नाटकाचं कापड स्वस्त होतं. पण ते ओलाव्याने सैल पडतं आणि पंख्याच्या वाऱ्यावर हलतं. दूरच्या प्रेक्षकाला ते चालतं, हातभर अंतरावरून गाडी बघणाऱ्याला डोंगर हललेला चालत नाही. आपल्याकडे कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाकडे वळले, आणि सिनेमात त्यांनी रंगवलेल्या पडद्यांऐवजी घनाकृती नेपथ्य उभं केलं. जवळ आलेला कॅमेरा कापडाला माफ करत नाही, हे पडदे रंगवणाऱ्यालाच आधी कळलं असणार.

तळघरवाल्यांना हवी ती वस्तू मिसिसिपी राज्यातल्या लॉरेल गावात तयार झाली. विल्यम मेसन हा एकेकाळी एडिसनकडे काम केलेला माणूस. लाकूडगिरण्यांत वाया जाणारं लाकूड पाहून तो अस्वस्थ व्हायचा. लाकडाच्या कपच्या वाफेच्या प्रचंड दाबाखाली ठेवून दाब एकदम सोडला, की त्यांचा तंतूतंतू सुटा होतो, हे त्याने १९२० च्या दशकाच्या मध्याला साधलं. हे तंतू दाबून मऊ पत्रे करायचा त्याचा बेत होता. जेवायला जाताना वाफेची झडप गळती राहिली, दाबयंत्र तापत राहिलं, आणि परत येऊन पाहतो तो टणक, गुळगुळीत फळी तयार, अशी हकीकत सांगतात. तीच मॅसोनाइट. आपल्या सुतारांचा हार्डबोर्ड हा तिचाच भाऊबंद: एक बाजू गुळगुळीत, दुसरीवर जाळीचा ठसा.

तीन मिलिमीटर जाडीचा हा पत्रा दीड-दोन फुटांच्या त्रिज्येत न मोडता वळतो. चौकोनी खोलीत बार्करचं वर्तुळ आणण्याची सोय झाली ती या एका गुणामुळे. गुळगुळीत बाजू खोलीकडे ठेवायची, कोपऱ्यात पत्रा वळवायचा, त्यावर निळा रंग. कोपऱ्यातली उभी सावली गेली आणि आकाश सलग झालं. सांधा मात्र राहिला. हार्डबोर्ड शेवटी लाकूडच. उन्हाळ्याच्या दमट हवेत फुगतो, थंडीत घर तापवणारी भट्टी पेटली की आकसतो, आणि पुट्टीने बुजवलेली फट पहिल्या हिवाळ्यात पुन्हा तोंड काढते. त्यावर अनुभवी लोकांची तोड अशी: बोर्ड त्याच खोलीत काही दिवस उभे करून हवेला सरावू द्यायचे, दोन्ही बाजू आणि कडाही रंगवायच्या, सांध्यामागे पट्टी चिकटवायची. एवढं करूनही शंका असेल तर सांध्यापुढे एक उंच झाड लावायचं. ही शेवटची युक्ती मला सर्वांत प्रामाणिक वाटते.

घरबांधणीतला जिप्सम बोर्डही काहींनी वापरला. त्याचा सांधा कागदी पट्टी आणि लांबीने उत्तम बुजतो, पण तो जड आणि वळायला हट्टी. छपरासाठी मिळणारी ॲल्युमिनियमची गुंडाळी लांबच लांब बिनसांध्याची मिळते, मात्र एक पोच आला की तो ढगांतून कायमचा दिसतो. पॉलिस्टायरीनचे पत्रे द्रावणाने जोडले तर सांधा एकजीव होतो. पण अडीच मीटरचा पत्रा तापमान २० अंशांनी बदललं की तीन मिलिमीटरहून अधिक लांबतो, आणि खिळ्यांनी जखडला असेल तर लाटा काढतो. काहींनी जमिनीवर पसरायचं व्हिनाइल उलटं करून भिंतीला लावलं. ते मला आवडतं: पायाखालची वस्तू आकाशाला.

कॅलिफोर्नियातल्या माँटेरेचा मॉडेल रेल्वेवाला जॉन ॲलन याने वेगळीच वस्तू वापरली, आरसा. तो व्यवसायाने छायाचित्रकार होता, त्यामुळे डोळ्याला कुठे फसवता येतं ते त्याला पक्कं ठाऊक. पुलाआड किंवा इमारतींच्या मध्ये आरसा बसवला की रस्ता दुप्पट लांब होतो. यासाठी घरातला आरसा कामाचा नाही. मुलामा काचेच्या मागे असल्याने काचेच्या जाडीएवढी फट दिसते. मुलामा पुढच्या पृष्ठभागावर असलेला आरसा लागतो. १९७३ च्या जानेवारीत ॲलन वारला आणि थोड्याच दिवसांत त्याचा सगळा लेआउट, म्हणजे मॉडेल रेल्वेची मांडणी, आगीत गेला. उरले ते त्याचे फोटो.

आता छापील पडदे आले आहेत. चौकाचौकांत वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारं जे फ्लेक्स आपण पाहतो, त्याच जातीच्या व्हिनाइलवर खऱ्या डोंगरांचा फोटो हव्या त्या लांबीत छापून मिळतो. सांध्याचा प्रश्न बराचसा सुटला, आणि चकाकीचा नवा आला. म्हणून मॅट पृष्ठभाग मागून घ्यावा लागतो. त्याहून मोठी अडचण फोटोचीच आहे. तो फार बोलतो. मागचा डोंगर पुढच्या झाडापेक्षा ठसठशीत दिसला की दृश्य पुन्हा सपाट होतं, म्हणून छापण्याआधी फोटोतले रंग फिके करून घेतात. शिवाय फोटोत ऊन एका बाजूने पडलेलं असतं आणि खोलीतले दिवे वरून. घरांच्या सावल्या एकीकडे, इंजिनाची दुसरीकडे. त्यामुळे जाणकार माणसं पडद्यासाठी फोटो काढायला निघतात ती आभाळ भरून आलेल्या दिवशी.