अनुभवी गिटारवादकाचा नवा बँड : पहिल्या अल्बमचे परीक्षण

१. प्रश्न

दहा-बारा वर्षे मंच गाजवलेला रॉक गिटारवादक नवे साथीदार जमवून अल्बम काढतो, तेव्हा परीक्षकाची पंचाईत होते. नवख्यांना देतो ती सूट त्याला द्यायची, की त्याच्या जुन्या बँडचे माप लावायचे? दोन्ही मापे अपुरी पडतात. हात जुना असला तरी मेळ नवा असतो, म्हणून आधी तपासायचा तो मेळ.

कळमनुरीच्या वाचकाला हे परके वाटू नये. जिल्ह्यातल्याच नर्सीच्या नामदेवांचे अभंग इथल्या कानांच्या रोजच्या सरावाचे. भजनात पेटीवाला तोच राहिला आणि पखवाजावरचा हात बदलला, तर चालीची उठावणी बदलते आणि गाणाऱ्याच्या दम घ्यायच्या जागाही सरकतात.

२. व्याप्ती

नाव बदलले म्हणजे बँड नवा झाला, असे नाही. महेश तिनईकर ज्याचे संस्थापक गिटारवादक, तो मुंबईचा ‘रॉक मशीन’ 1984 साली उभा राहिला. 1993 मध्ये त्याने ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले आणि 1995 मध्ये त्याच नावाचा अल्बम काढला. हा नव्या नावाचा पहिला अल्बम खरा, पण मागे वाजवणारा मेळ मुख्यतः जुनाच होता. म्हणून तो या विवेचनात बसत नाही. वादक अनुभवी असणे आणि त्याच्याभोवतीचे लोक बदललेले असणे, या दोन्ही अटी पुऱ्या व्हायला हव्यात.

३. निकष

निकष तीन : साहित्य, लय आणि जागा. जुन्या घरातून वादकाने काय आणले, त्याखालचा ठेका कोणी बदलला आणि स्वतःच्या वाद्याला त्याने किती आवरले?

‘लेड झेपेलिन’चा पहिला अल्बम या तिन्हींवर घासून पाहता येतो. त्याचा गिटारवादक जिमी पेज तोवर लंडनच्या स्टुडिओंत भाडोत्री वादक म्हणून मुरला होता आणि ‘यार्डबर्ड्स’मध्येही वाजवून आला होता. 1968 च्या शरदात हा अल्बम सुमारे 36 तासांत मुद्रित झाला आणि जानेवारी 1969 मध्ये बाजारात आला. गिटारच्या तारांवर व्हायोलिनचा गज फिरवण्याची पेजची लकब आणि ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’ हे गाणे, दोन्ही यार्डबर्ड्सच्या काळातलीच शिदोरी. पण पहिल्याच गाण्यात ड्रमर जॉन बॉनम एका पायाने, एकाच पेडलवर, बास ड्रमचे झपझप जोडठोके टाकतो आणि गिटारला त्या ठोक्यांच्या फटीत बसावे लागते. साहित्य जुने, लय नवी. पेजची ओळख पुढे लेस पॉल गिटारशी जोडली गेली. या अल्बमवर मात्र मुख्यतः टेलिकास्टर वाजते.

४. मुंबईचा पुरावा

आपल्याकडे याहून नेमका दाखला सापडतो. मुंबईच्या ‘पेंटाग्रॅम’मध्ये विशाल ददलानी गायला, पपल माने बासवर, शिराझ भट्टाचार्य ड्रम्सवर आणि रँडॉल्फ कोरिया गिटारवर. याच कोरियाने गायिका मोनिका डोग्रासोबत ‘शायर अँड फंक’ ही जोडी उभी केली. जोडीचा पहिला अल्बम ‘न्यू डे : द लव्ह अल्बम’ 2007 चा, आणि पेंटाग्रॅमचा ‘इट्स ओके, इट्स ऑल गुड’ हाही 2007 चाच. हात तोच, साल तेच, बदलला तो फक्त मेळ. प्रयोगशाळेत मांडावी अशी ही तुलना आहे.

कोरियाने सोबत आणलेले साहित्य उघड आहे. पेंटाग्रॅमच्या 2002 च्या ‘अप’मध्येच इलेक्ट्रॉनिक ध्वनी शिरले होते. फरक पडतो तो लयीत. समोर ड्रमर असला की गिटारवादक क्षणभर पुढे-मागे सरकू शकतो आणि ड्रमर त्याला सांभाळून घेतो. संगणकावर बांधलेला ठेका कोणासाठी थांबत नाही. शिवाय दोघांच्याच मेळात तो ठेका बांधण्याचे कामही बरेचसे गिटारवाल्याकडे येते. एकल वादनाची हौस मागे पडून मांडणी पुढे येते.

तिसऱ्या निकषाचे दुसरे टोक वॉरन मेंडोन्साकडे दिसते. ‘झीरो’ या गायक असलेल्या बँडमधून आलेल्या या वादकाने ‘ब्लॅकस्ट्रॅटब्लूज’च्या ‘नाइट्स इन शायनिंग कर्मा’ या पहिल्या अल्बममध्ये गिटारलाच गायकाच्या जागी बसवले. अशा वेळी सुरावट लांबवायची कुठे आणि सोडायची कुठे, याची जबाबदारी एकट्या गिटारवर पडते. जागा मिळाली म्हणून ती भरून टाकली, तर तो गुणापेक्षा दोषच ठरतो.

५. आक्षेप

‘सूर ऐकताच वादक ओळखू येतो, मग यात नवे काय?’ असा आक्षेप घेतला जाईल. पण सूर ओळखू येणारच. बोटांचा दाब, तार ओढण्याची रीत, पिकअप आणि अँप्लिफायरची निवड या वर्षानुवर्षांच्या सवयी आहेत, आणि बँड बदलला म्हणून त्या सुटत नाहीत. ओळखीचा सूर हा नव्या बँडचा दोष नव्हे, तसा तो त्याचा गुणही नव्हे.

६. निष्कर्ष

म्हणून असा अल्बम प्रथम ऐकताना गिटारकडे दुर्लक्ष करावे. बास आणि ठेका ऐकावा, मग गायन, आणि गिटार शेवटी. साथीदार बदलले असते तरी गिटारचे तुकडे जसेच्या तसे बसले असते असे वाटले, तर तो एकट्याचाच अल्बम. बँड फक्त नावाला. साथीदारांमुळे त्या तुकड्यांची लांबी, जागा किंवा वजन बदलले असेल, तर जुन्या हातालाही ‘पहिला अल्बम’ हे बिरुद शोभते.