कलायखंज

कलायखंज (लॅथिरिझम) हा लाखोळीची डाळ अनेक महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ल्याने होणारा चेतासंस्थेचा विकार आहे. यात दोन्ही पाय ताठर व दुर्बळ होतात. विदर्भात लाख किंवा लाखोळी म्हणून ओळखले जाणारे हे कडधान्य हिंदी भाषक प्रदेशात खेसारी किंवा तिवडा या नावांनी परिचित आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या भातपट्ट्यात ते पिकते. उभ्या भातात बी फेकून, जमिनीतील उरलेल्या ओलीवर हे पीक घेतात. पाऊस हुकला तरी ते तग धरत असल्याने दुष्काळात गरिबांची भिस्त त्यावरच राहिली.

चेतापेशींतील संदेशवहन

चेतापेशीचे पेशीकाय, वृक्षिका व अक्षतंतू असे तीन भाग असतात. वृक्षिका संदेश ग्रहण करतात, तर अक्षतंतू विद्युत आवेग पुढे नेतो. दोन पेशींमधील संपर्कस्थानी सूक्ष्म फट असते. आवेग तेथे पोहोचताच कॅल्शियमचे आयन अक्षतंतूच्या टोकात शिरतात आणि ग्लुटामेटसारखे रासायनिक दूत फटीत सोडले जातात. ते पुढील पेशीच्या ग्राहींना चिकटतात. ग्राही उघडून सोडियमचे आयन आत जातात व पेशी उद्दीपित होते. उरलेले ग्लुटामेट लगेच शोषले जाते, म्हणून संदेश थांबतो.

विषाची क्रिया

लाखोळीतील ओडॅप या अमिनो आम्लाची रचना ग्लुटामेटशी मिळतीजुळती असते. ते त्याच ग्राहींना चिकटून पेशीला अतिउद्दीपित करते. पेशीत कॅल्शियम साचते व ती हळूहळू नष्ट होते.

प्रमस्तिष्काच्या प्रेरक क्षेत्रातील पेशींचे अक्षतंतू मेरुरज्जूतून कमरेपर्यंत उतरतात. तेथून दुसऱ्या चेतापेशी पायांच्या स्नायूंपर्यंत जातात. कलायखंजात हानी प्रामुख्याने पहिल्या पेशींची होते. दुसऱ्या पेशी बहुधा शाबूत राहतात, परंतु त्यांच्यावरील मेंदूचे नियंत्रण सुटते. त्यामुळे पाय लुळे न पडता ताठरतात.

लक्षणे

प्रारंभी पोटऱ्यांत पेटके येतात व पाय जड वाटतात. पुढे रुग्ण चवड्यांवर, पाय एकमेकांत अडकवत चालतो. काहींना काठी लागते, तर काहींना रांगावे लागते. बुद्धी व स्पर्शज्ञान सहसा अबाधित राहते. विकार तरुण पुरुषांत अधिक आढळतो. आहार बदलल्यास तो बहुधा वाढत नाही, पण आलेले अपंगत्व सहसा कायम राहते.

इतिहास

सुश्रुतसंहितेत वातव्याधींमध्ये कलायखंजाचा उल्लेख आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विल्यम स्लीमन यांनी सागर भागात, गव्हाची पिके बुडाल्यावर लाखोळी खाणाऱ्यांना आलेले पांगळेपण नोंदवले. १८७३ मध्ये इटालियन वैद्य आर्नाल्दो कांतानी यांनी विकारास लॅथिरिझम हे नाव दिले. १९६४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राव, अडिगा व शर्मा यांनी हे विष वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले.

प्रतिबंध

१९६१ मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांखाली डाळीच्या विक्रीवर बंदी आली. महाराष्ट्राने ती २००८ मध्ये उठवली. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकल्यास विषाचे प्रमाण घटते. रतन व प्रतीक या वाणांत ओडॅप कमी असते. तांदूळ, गहू व इतर डाळींसह अधूनमधून अल्प प्रमाणात खाल्ल्यास धोका कमी असतो. केवळ लाखोळीवर दिवस काढावे लागणे, हेच या विकाराचे मूळ ठरते.