जमखिंडीची दुर्बीण आणि विट्याचे आकाश

विट्याहून जमखिंडी सरळ रेषेत मोजली तर सव्वाशे किलोमीटरही भरत नाही. अथणीच्या पलीकडे, कृष्णा ओलांडली की आलीच. आज ती कर्नाटकात आहे. त्या काळी ते पटवर्धनांचे संस्थान होते, म्हणजे सांगली-मिरजेच्या भाऊबंदांपैकीच. या गावात १८ ऑगस्ट १८६८ च्या सकाळी लेफ्टनंट जॉन हर्शेल नावाचा इंग्रज अधिकारी दुर्बीण रोखून ढग सरकण्याची वाट पाहत होता. युरेनस ग्रह शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा हा नातू. नोकरी हिंदुस्थानच्या जमीनमोजणीची, पण लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याच्यावर एक वेगळे काम सोपवले होते. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहण होते आणि ग्रहणाचा पट्टा आपल्या या दक्षिण भागावरून जाणार होता.

खग्रास ग्रहणात सूर्याच्या कडेला तांबूस ज्वाळा दिसतात. त्या नेमक्या कशाच्या, हे तोवर कोणालाच ठाऊक नव्हते. हर्शेलने दुर्बिणीला वर्णपटदर्शक जोडला होता. लोलकातून ऊन सोडले की सात रंगांचा पट्टा उमटतो हे आपण प्रयोगशाळेत पाहिले आहे. हे उपकरण तेच काम फार बारकाईने करते. अंधार पाचेक मिनिटांचा, त्यात ढगांची ये-जा. तेवढ्यात त्याला सलग पट्टा दिसला नाही, तीन सुट्या तेजस्वी रेघा दिसल्या: एक तांबडी, एक नारिंगी, एक निळी. याचा अर्थ त्या ज्वाळा तापलेल्या वायूच्या होत्या.

रेघांवरून वायू कसा ओळखला, हे आपल्या गावाला समजावून सांगायला कष्ट पडू नयेत. आपल्या वर्गातली निम्मी मुले गलाईच्या धंद्यात गेली. तांब्याने ज्योतीला हिरवट झाक येते, हे भट्टीपुढे बसलेल्या पोराला पुस्तकातून शिकावे लागत नाही. प्रत्येक मूलद्रव्याचा स्वतःचा रंग असतो. शास्त्रज्ञांनी एवढेच केले की मुशीपुढे बसून जे डोळ्यांनी ओळखतात, ते सूर्याच्या बाबतीत मोजून ओळखले.

त्या नारिंगी-पिवळ्या रेघेनेच पुढे इतिहास घडवला. ती सोडियमची असावी असे आधी वाटले. पण त्याच वर्षी ऑक्टोबरात नॉर्मन लॉकियरने ग्रहण नसताना सूर्याची कडा तपासली आणि ती सोडियमच्या जागेवर बसत नाही, हे दाखवले. पृथ्वीवर माहीत नसलेले ते मूलद्रव्य म्हणजे हेलियम. पृथ्वीवर ते सापडायला १८९५ साल उजाडावे लागले.

इथे थोडे विषयांतर करतो. लॉकियरने १८६८ साली विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियम शोधला, अशी गोष्ट आपल्याकडे भाषणांतून आणि वर्तमानपत्रांतून हमखास सांगितली जाते. १८६८ साली लॉकियर इंग्लंडमध्येच होता. तो विजयदुर्गला आला तो तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. दोन ग्रहणांची एक गोष्ट झाली आणि जमखिंडीचा हर्शेल मात्र गोष्टीतून गळाला. कोकणाचा मान काढून घेण्याचा हेतू नाही. पण विज्ञानाचा इतिहास सांगताना तारीख तरी नीट सांगावी, एवढे आपल्या इतिहासाच्या बाईंनी आपल्याला शिकवले आहे.

१८९८ चे ग्रहण तर आपल्या आणखी जवळून गेले. लॉकियर विजयदुर्गला होता. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेची तुकडी करमाळ्याजवळच्या जेऊरला उतरली होती. नकाशावर या दोन ठिकाणांना जोडणारी रेघ ओढून पाहा. ती कराडच्या अगदी जवळून जाते. विटा त्या रेघेपासून तीस-पस्तीस किलोमीटरवर.

जेऊरला त्या दिवशी पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवालाही होते. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये (आजचे सीओईपी) १८८८ साली भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून त्यांनी वेधशाळा उभी केली होती. तिथे वीस इंच व्यासाची दुर्बीण होती, त्या काळातली हिंदुस्थानातली सर्वांत मोठी. १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद पडली. दुर्बीण आणि इतर सामान कोडाईकॅनालला गेले. चोवीस वर्षे देशातली सर्वांत मोठी दुर्बीण पुण्यात होती आणि तिच्यामागे उभा राहील असा दुसरा माणूस तयार झाला नाही. ही गोष्ट मुद्दाम सांगतो आहे. तिचे कारण पुढे येईल.

आता आपल्या माणसांकडे वळू. १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी मराठी मुलखात दोन शाळकरी वयाची मुले होती. दापोलीजवळच्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित पंधरा वर्षांचे होते आणि नरगुंदला जन्मलेले व्यंकटेश बापूजी केतकर चौदा वर्षांचे. दोघेही पुढे शाळामास्तर झाले. आकाशाचा अभ्यास ही दोघांचीही नोकरी नव्हती. ती हौस होती, आणि दोघांनीही ती मास्तरकी सांभाळून केली.

दीक्षितांचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतच. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे अशा बदल्यांच्या गावांतून त्यांनी शिकवले. शिक्षकाची बदली म्हणजे काय असते, हे आपल्या गुरुजनांना मी सांगायला नको. बिऱ्हाड हलवता हलवता या माणसाने भारतीय ज्योतिषशास्त्राचा वेदकाळापासूनचा इतिहास मराठीत लिहिला. तो १८९६ साली छापून आला आणि पुढे त्याचे इंग्रजी भाषांतर भारत सरकारच्या हवामान खात्याने प्रसिद्ध केले. पण मला त्यांचे दुसरे, लहान पुस्तक जास्त प्रिय आहे. ते आहे 'ज्योतिर्विलास', आणि त्याचे जोडनाव आहे 'रात्रीची दोन घटका मौज'. या नावातच सगळी दीक्षा आहे. मुलाला रात्री अंगणात न्यायचे ते मौजेसाठी. परीक्षेचा त्यात संबंध नाही.

दीक्षितांची पद्धत कशी होती, याचे एक उदाहरण देतो, कारण ते कोणत्याही मुलाला करून पाहता येते. शतपथ ब्राह्मणात असा उल्लेख आहे की कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत. शेकडो पंडितांनी ते वाक्य वाचले असेल. दीक्षितांनी ते वाक्य आकाशाला लावून पाहिले. आज कृत्तिका बरोबर पूर्वेला उगवत नाहीत. आपल्याकडून पाहिले तर त्या पूर्वेच्या उत्तरेला सुमारे पंचवीस अंश सरकून उगवतात. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो. एका फेरीला त्याला जवळजवळ २६,००० वर्षे लागतात. मग कृत्तिका ठीक पूर्वेला कधी उगवत होत्या? गणिताने उत्तर आले: इसवी सनापूर्वी ३००० च्या सुमारास. या निष्कर्षावर पुढे पुष्कळ वाद झाले आणि ते व्हायलाच हवेत. पण एका मास्तराने जुन्या पोथीतले वाक्य घेतले आणि 'हे खरे आहे का, बाहेर जाऊन बघू' असे म्हटले, हे मला त्या तारखेपेक्षा मोठे वाटते. १८९८ च्या ग्रहणानंतर तीनच महिन्यांनी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षात दीक्षित गेले.

केतकरांची मास्तरकी बागलकोटला, म्हणजे जमखिंडीच्या शेजारीच. पंचांगाचे गणित प्रत्यक्ष आकाशाशी जुळत नाही, हे पाहून त्यांनी 'ज्योतिर्गणित' हा ग्रंथ केला. १९११ साली फ्रान्सच्या खगोल मंडळाच्या पत्रिकेत त्यांचा एक लेख आला. नेपच्यूनच्या पलीकडे दोन ग्रह असावेत, असे त्यांनी त्यात मांडले होते. त्यांतल्या एकाचे सूर्यापासूनचे अंतर त्यांनी पृथ्वीच्या अंतराच्या ३८.९५ पट धरले होते आणि त्याची एक प्रदक्षिणा २४२ वर्षांची. १९३० साली प्लूटो सापडला: अंतर साडेएकोणचाळीस पट, प्रदक्षिणा २४८ वर्षांची. केतकर त्या वेळी हयात होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले.

अभिमानाच्या भरात इथेच थांबू नये. प्लूटो इतका हलका निघाला की ज्या गणितांवरून त्याचे भाकीत होत होते, त्यात त्याचा हात असणे शक्यच नव्हते. अमेरिकेतल्या लॉवेलचे भाकीतही असेच जुळले, आणि तोही योगायोगच मानला जातो. तरी बागलकोटच्या शाळेतला एक शिक्षक आपले आकडे पॅरिसला पाठवतो आणि ते छापले जातात, यात योगायोग काहीच नाही.

दीक्षित-केतकरांनंतर ही हौस एकट्यादुकट्याची राहिली नाही. २२ ऑगस्ट १९४४ रोजी पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी आकाशनिरीक्षकांची ही देशातली सर्वांत जुनी संस्था. पुढे कोल्हापूरला जन्मलेले जयंत नारळीकर पुण्यात आले आणि १९८८ साली आयुका उभी राहिली. मुले सही मागायला आली की नारळीकर म्हणत, प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. एका पोस्टकार्डाच्या खर्चात त्यांनी किती मुलांना प्रश्न विचारायला लावले असेल! २० मे २०२५ रोजी ते गेले.

आणि आपण? १६ फेब्रुवारी १९८० ला आपण चौथीत होतो. खग्रास पट्टा कारवार-हुबळीकडून गेला. आपल्याकडे सूर्याची जेमतेम कोर उरली होती. बहुतेकांना ते ग्रहण आठवते ते बंद खिडक्यांच्या आतून. पाण्यात तुळशीपत्र, गर्भार काकूंना हलायची बंदी, रस्त्यावर चिटपाखरू नाही. एवढे मोठे ग्रहण गावावरून गेले आणि गावाने पाठ केली. मोठ्यांची भीती खोटी नव्हती, उघड्या डोळ्यांनी सूर्य पाहणे घातकच. पण पत्र्याच्या डब्याला खिळ्याने भोक पाडून भिंतीवर प्रतिमा पाडता येते, हे सांगणारे कोणी नव्हते.

१९८६ चा हॅले धूमकेतू मात्र मिळाला. तो उत्तम दिसायचा मार्च-एप्रिलमध्ये, पहाटे, दक्षिणेकडे. आणि मार्चमध्ये आपली दहावी! अभ्यासासाठी साडेचारला उठवलेले आपण पाच-सहा जण वह्या घेऊन गच्चीवर गेलो होतो, हे त्या पाच-सहांना आठवत असेलच. बारीक धुरकट ठिपका होता, फोटोतल्यासारखी शेपूट नव्हती. यंत्रमागांची खडखड चालू होती आणि गावात दिवे कमी होते. त्या वेळच्या विट्याला एक देणगी होती, ती आता उरलेली नाही. आपला तालुका पर्जन्यछायेतला. पाऊस कमी म्हणून जन्मभर कुरकुर केली, पण त्यामुळेच वर्षातल्या कितीतरी रात्री निरभ्र. आज चौकाचौकात हायमास्ट दिवे आहेत. आकाशगंगा पाहायची तर रेणावीच्या डोंगराकडे जावे लागते, आणि तिथूनही विट्याच्या बाजूला उजेडाचा डोंब दिसतो.

स्नेहमेळाव्याच्या निमित्ताने शाळेला काय द्यावे, यावर आपल्या गटात बराच खल झाला. मोठी दुर्बीण द्यावी, ही सूचना पुढे आहे आणि तिला पाठिंबाही चांगला आहे. नायगमवालांची हकिकत लिहिली ती याचसाठी. एका शाळेत मी अशी देणगीची दुर्बीण पाहिली आहे. देणगीदारांच्या नावाची पाटी चकचकीत होती, कपाटाला कुलूप होते, भिंगावर बुरशी होती. दुर्बीण द्याच, पण लहान द्या, मुलांच्या हाताला झेपेल अशी. उरलेल्या पैशातून दोन शिक्षकांना पुण्याला शिकायला पाठवा. महिन्यातून एक अमावास्येची रात्र ठरवा आणि त्या रात्री मुलांना घरी पोचवण्याची जबाबदारी आपल्यापैकी गावात राहणाऱ्यांनी घ्या. मुलींच्या पालकांचा पहिला प्रश्न तोच असणार आणि तो रास्त आहे.

आणखी एक गोष्ट फक्त आपली शाळाच करू शकेल, असे मला वाटते. आपली मुले गलाईसाठी देशभर पांगली आहेत. २१ मार्चला, भर दुपारी सावली सर्वांत आखूड असते त्या क्षणी, शाळेच्या मैदानात एक मीटरची काठी उभी करा; सावली सुमारे ३१ सेंटिमीटर पडेल. त्याच दिवशी अमृतसरच्या दुकानापुढे कोणी काठी उभी केली तर ६१-६२ सेंटिमीटर. मदुराईला १७. सावल्यांवरून सूर्याचा कोन काढा. विटा आणि अमृतसर यांत सव्वाचौदा अंशांचा फरक येतो. दोन्ही गावांतले उत्तर-दक्षिण अंतर सुमारे १,६०० किलोमीटर. पुढचे त्रैराशिक आठवीतला मुलगाही सोडवेल आणि पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटरच्या आसपास काढून दाखवेल. बावीसशे वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये एराटोस्थेनिसने याच युक्तीने तो मोजला. त्याला दोन गावे जोडावी लागली. आपल्याकडे शंभर गावांत माणसे आहेत आणि सगळ्यांचे नंबर एका व्हॉट्सॲप गटात.

२ ऑगस्ट २०२७ ला पुन्हा ग्रहण आहे. खग्रास इजिप्त-अरबस्तानात, आपल्याकडे दुपारी चारनंतर खंडग्रास. वार सोमवार, म्हणजे शाळेचा दिवस. पावसाळा असला तरी विट्याचा पावसाळा आपल्याला माहीत आहे. डबे आणि खिळे आतापासून जमवायला हरकत नाही.