फुले, पक्षी आणि परदेशी भिंती

आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांत मी हे चित्र पाहिले आहे: बर्फात उभा असलेला पांढरा बगळा, नाहीतर निष्पर्ण फांदीवर बसलेला कावळा. शांत, सुटसुटीत, कोणत्याही सोफ्याशी जमणारे. सोबत गणपती आणि वारली चित्र असले तरी भांडण होत नाही! पण ही चित्रे आली कुठून, असे विचारले तर ‘जपानी आहे’ यापलीकडे उत्तर सहसा मिळत नाही.

या प्रकाराला जपानीत ‘काचो-ए’ म्हणतात, म्हणजे फुलापाखरांचे चित्र. कल्पना मूळची चीनची. लाकडी ठशांच्या छपाईत तिला बहर आला तो १८३०च्या दशकात. होकुसाईने मोठ्या फुलांची मालिका काढली, तर हिरोशिगेने उंच, अरुंद कागदावर कितीतरी पक्षी रंगवले, अनेकदा शेजारी एखादी कविताही. पक्षी आणि फूल यांची जोडी मनाला येईल तशी नसे. प्लमच्या बहराशी उगुइसु हा गाणारा पक्षी आला की थंडी सरत आली. चंद्राखालून रानहंसांची रांग गेली की शरद ऋतू. चित्र म्हणजे एक प्रकारचे पंचांगच.

आणि पंचांगाचे पान उलटावे लागते. जपानी घरातल्या ‘तोकोनोमा’ या खास कोनाड्यात टांगलेले चित्र ऋतूप्रमाणे बदलत. ठशांची स्वस्त चित्रे लोक हातात घेऊन पाहत, किंवा पडद्यांवर नि खांबांवर चिकटवत. एकच चित्र काचेमागे बारा महिने भिंतीवर ठेवणे ही युरोप-अमेरिकेची रीत. १८५०च्या दशकात जपानची बंदरे उघडली आणि ही चित्रे पश्चिमेकडे निघाली. चित्रकार मोनेने जिव्हेर्नीच्या आपल्या घरात भिंती भरून ती लावली होती.

इथे ओहारा कोसोन येतो. कानाझावा येथे १८७७ मध्ये जन्मलेला हा चित्रकार १९४५ मध्ये वारला. आपण पाहतो ते बगळे आणि कावळे बहुधा त्याचेच, किंवा त्याच्या धाटणीचे. वातानाबे शोझाबुरो या तोक्योच्या प्रकाशकाने जुनी ठसेपद्धत नव्याने उभी केली; १ सप्टेंबर १९२३च्या भूकंपानंतरच्या आगीत त्याचे दुकान आणि लाकडी ठसे जळाले, तरी त्याने धंदा पुन्हा मांडला. पुढे कोसोनने ‘शोसोन’ या नावाने त्याच्यासाठी काम केले. गिऱ्हाईक मुख्यतः परदेशी. ओहायो राज्यातल्या टोलेडोच्या कलासंग्रहालयात १९३० आणि १९३६ साली आधुनिक जपानी ठसेचित्रांची मोठी प्रदर्शने भरली. खुद्द जपानात मात्र कोसोन फारसा कोणाला ठाऊक नव्हता.

तिथल्या काही कलावंतांचे म्हणणे असे की रेखाटन, कोरणे, छापणे हे सारे एकाच हाताने केले तरच ती कला. बाकीचा निर्यातीचा माल. मला हे पटत नाही. चित्रकाराचे रेखाटन चेरीच्या फळीवर उलटे चिकटवून कोरक ते कोरतो, त्यात मूळ कागद संपतो. मग प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा. दमट कागद प्रत्येक ठशावर नेमका त्याच जागी बसावा म्हणून कोपऱ्यात आणि कडेला दोन खाचा असतात, त्यांना ‘केंतो’ म्हणतात. पहिल्या ठशाच्या छापावरूनच बाकीच्या ठशांवर त्या खाचा उतरवतात, म्हणजे चूक साठत जात नाही. माझ्या व्यवसायात यासाठी जाडजूड मॅन्युअल लिहितात! बगळ्याच्या पिसांना तर शाईच नसते. कोऱ्या ठशावर कागद दाबून ती उठवतात. दिवा बाजूने धरा, पिसे दिसतील. छापील पोस्टर असेल तर भिंगाखाली रंगांचे ठिपके दिसतील.

आता व्यवहाराची गोष्ट. खरे ठसेचित्र असेल तर प्रकाश हा त्याचा शत्रू आहे. जुन्या वनस्पतिजन्य रंगांपैकी काही, विशेषतः एका रानफुलाचा निळा, फार लवकर उडतात, आणि उडालेला रंग परत येत नाही. संग्रहालये अशा चित्रांवर साधारण ५० लक्स प्रकाश ठेवतात. तोही दिवसाचे आठ तास धरला तर ४०० लक्स-तास. आपल्या मोठ्या खिडक्यांच्या लिव्हिंग रूममध्ये ५०० लक्स आणि दहा तास धरा: ५०००. म्हणजे तिथले बारा दिवस इथे एका दिवसात खर्च होतात.

आमच्याकडे दोन फ्रेमा आणि सहा चित्रे आहेत. उरलेली चार आम्लविरहित कागदात, कपाटात. बदलायची तारीख सौ. ठरवते, कारण माझ्या मते मिनेसोटात बगळा एप्रिलपर्यंत चालतो आणि तिला मार्चमध्येच बर्फ नको असतो.