मणक्यांतील गादी आणि कमरेचें दुखणें

वऱ्हाडांत मंगरूळपीरच्या बाजूस वांकून कापूस वेचणाऱ्या बायाबापड्यांना उसण म्हणजे काय, हें सांगावें लागत नाहीं. कंबर धरली कीं पायाळू माणूस शोधावयाचा आणि त्याचा पाय कमरेला लावून घ्यावयाचा, हा महाराष्ट्रांतील जुना उपाय. बहुतेक उसणी कांहीं आठवड्यांत आपोआप ओसरतात. श्रेय मात्र त्या पायाच्या पदरीं पडे. चरकसंहितेंत कमरेपासून पावलापर्यंत उतरणाऱ्या वेदनेस गृध्रसी असें नांव देऊन तिची गणना वातविकारांत केली आहे. तेथें दोष वाताचा, गादीचा नव्हे.

गादीवर खरा आरोप आला तो १९३४ सालीं. बोस्टनचे शस्त्रवैद्य मिक्स्टर व बार यांनीं असें दाखविलें कीं, मणक्यांमधील गादी फुटून आंतील गर मज्जातंतूस दाबतो आणि पायांत कळ उतरते. शोध खरा होता, मोठाहि होता. परंतु पुढें साध्या कंबरदुखीचें खापरहि गादीच्याच माथीं फुटूं लागलें.

अशा गाद्या एकंदर २३. बाहेर चिवट तंतूंचें कडें, आंत पाणीदार गर. प्रौढपणीं या गरास रक्तवाहिनी नसते. पोषण पाझरून येईल तेवढेंच. त्यामुळें झीज सहसा भरून निघत नाहीं. वय वाढतें तसें पाणी आटतें व गादी बसत जाते. क्ष-किरणांच्या चित्रांत मणक्यांमधील अंतर तेवढें दिसे, गादी दिसत नसे. ती स्पष्ट दिसूं लागली एम्.आर्.आय्. यंत्र आल्यावर, आणि निकाल तेथेंच फिरला. १९९० सालीं अमेरिकेंत बोडेन व त्यांचे सहकारी यांनीं कधींच कंबर न दुखलेल्या ६७ माणसांचीं चित्रें काढलीं. साठ ते ऐंशी वर्षांच्या मंडळींत एक अपवाद सोडला, तर प्रत्येकाची एखादी तरी गादी झिजलेली वा फुगलेली! २०१५ सालीं अशाच वेदनारहित ३,११० लोकांच्या तपासण्या एकत्र मांडण्यांत आल्या. झीज विशींत ३७ टक्के, ऐंशींत ९६ टक्के. केस पिकावेत तशी गादी पिकते.

म्हणून ती अगदींच निर्दोष सुटली असें नव्हे. पन्नाशीच्या आंतील कंबरदुखीच्या रोग्यांत झीज अधिक आढळते. शिवाय पायांतला जोर गेला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर डॉक्टरांकडे जाण्यास एक दिवसहि लावूं नये.

पण मंगरूळपीरचा एखादा साठीचा शेतकरी शहरांत तपासणी करून येतो, ‘गादी गेली’ एवढेंच ऐकतो, शेत सोडतो आणि खाट धरतो. खाटेचा हिशेब १९८६ सालींच झाला होता. अमेरिकेंतील डेयो यांनीं कंबरदुखीच्या कांहीं रोग्यांना दोन दिवसांची, तर कांहींना सात दिवसांची विश्रांति सांगितली. दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे बरेच कमी पडले. आणि सात दिवसवाल्यांचें दुखणें त्यांच्याहून लवकर बरें झालें नाहीं.