खिडकी उघडा, ही गोष्ट शंभराहून अधिक वर्षं जुनी आहे

करोनाच्या पहिल्या वर्षी आमच्या घरात भाजी मिठाच्या पाण्यात आणि दुधाची पिशवी साबणाने धुतली जायची. खिडक्या मात्र बंद! तुमच्याकडेही बहुतेक हेच. नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं, आपण उलटं करत होतो.

१९०६ सालची गोष्ट. ब्रिटिश संसदेतल्या हाउस ऑफ कॉमन्सची हवा तपासायचं काम मर्विन गॉर्डन या जीवाणूशास्त्रज्ञाकडे आलं. गड्याने लाल रंगाच्या, तेव्हा निरुपद्रवी समजल्या जाणाऱ्या जीवाणूंच्या पाण्याने गुळण्या केल्या. मग रिकाम्या सभागृहात उभं राहून शेक्सपियरच्या नाटकांतले उतारे मोठ्याने म्हटले. बाकांवर आधीच काचेच्या बशा मांडल्या होत्या. लांबच्या बशांमध्येही ते जीवाणू उगवले. ना खोकला, ना शिंक. नुसतं बोलणं!

बोलताना तोंडातून बारीक थेंब उडतात. मोठे खाली पडतात, अगदी बारीक सुकून हवेत तरंगत राहतात. आवाज चढला की ते वाढतात. व्हायरसही त्यांच्यावरच स्वार होतो. बंद खोलीत ते साचत जातात, उदबत्तीच्या धुरासारखे.

मग हे विसरलं का गेलं? १९१० मध्ये अमेरिकेतले आरोग्य अधिकारी चार्ल्स चॅपिन यांनी पुस्तक लिहून मांडलं, की रोग मुख्यतः स्पर्शाने आणि जवळच्या थेंबांनी पसरतात, हवेची भीती फारशी नको. माणूस वजनदार होता. पुढच्या पिढ्या तेच शिकल्या.

त्याची किंमत २०२० मध्ये दिसली. १० मार्चला अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट व्हर्नन इथे ६१ जण समूहगायनाच्या तालमीला जमले. दारात सॅनिटायझर होतं. अडीच तास गाणं झालं. ५३ जण आजारी पडले, दोघं गेले. आणि १८ दिवसांनी जागतिक आरोग्य संघटनेने ट्विट केलं, कोविड हवेतून पसरत नाही! हवेतून पसरतो हे त्यांनी स्पष्ट लिहायला २०२१ उजाडलं.

आज आपल्या गावातले क्लास बघा. चाळीस पोरं, एसी चालू, खिडक्या गच्च बंद. बहुतेक घरगुती एसी बाहेरची हवा आत घेतच नाहीत, तीच तीच फिरवतात. ग्रामसभेचा नवा हॉलही तसाच.

म्हणून पुढच्या सभेत मी एकच मागणी करणार आहे : फरशी पुसा, हरकत नाही, पण आधी खिडकी उघडा.